हात मागे

हिरालाल रामटेके याला रिकामे बसता येत नाही, हे त्याच्या बायकोइतके कोणालाच ठाऊक नाही. कारखान्यातून निवृत्त झाला आणि पहिल्या महिन्यातच त्याने घरातली कुरकुरणारी प्रत्येक वस्तू गप्प केली. दाराच्या बिजागऱ्या, कूलरचा पंप, सायकलचे पायडल, न्हाणीतला गळका नळ. ते संपले तेव्हा तो चांगल्या वस्तू उघडू लागला. मग सुमनबाईने मिक्सर उचलून धानाच्या कोठीमागे लपवला.

“चांगला चालून राहिला ना तो? मंग कायले खोलता?”

“आवाज करते.”

“मिक्सर आवाज नाई करन त काय गानं म्हणन?”

हिरालाल ओसरीत जाऊन बसला. समोर हायवेवरून ट्रक जात होते. कोणत्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा मोडला आहे ते त्याला आवाजावरून कळत होते, आणि त्याचे काहीच करता येत नव्हते.

माणूस याच गावचा, भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. भंडाऱ्याच्या आयटीआयमधून फिटर झाला आणि पुढची सगळी उमर एका कारखान्याच्या पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये काढली. हातात घेतलेले काम अर्धे ठेवायचे नाही, एवढा एकच नियम त्याने पाळला. भोंगा वाजला, बस उभी राहिली, सोबती हाका मारू लागले, तरी शेवटचा बोल्ट कसल्याशिवाय तो हात पुसत नसे. डाव्या तर्जनीचे टोक प्रेसमध्ये गेले त्या दिवशी दवाखान्यात नेताना तो साहेबाला सांगत होता, प्रेसचा साचा अजून सैल आहे, कोणी सुरू करू नका.

अशा माणसाकडे सरिता आली. त्याच्याच मोहल्ल्यातल्या मास्तरांची मुलगी. इंजिनियर झाली, पुण्यात नोकरी केली, आता सकाळी घरूनच कंपनीचे काम करते.

“जयभीम काका. आपल्या गावात मेकरस्पेस सुरू करून राहिलो आमी. तुमी पायजे.”

“कायचा स्पेस?”

“कारखानाच समजा. पण सगळ्यांचा. मशिनी एका जागी ठेवाच्या. ज्याले जे बनवाचं, त्यानं येऊन बनवाचं. महिन्याची थोडी वर्गणी देली का झाला मेंबर.”

“मालक कोण?”

“मेंबर लोकच.”

“अन् माल कोणता निघते?”

“ज्याच्या मनात जो असन तो.”

“तो इकत कोण घेते?”

“कोणीच नाई, काका. ज्याचा त्याचा.”

हिरालालने मान हलवली. समजले म्हणून नाही, मुलगी उन्हातून चालत आली होती म्हणून. मालक नाही, माल नाही, गिऱ्हाईक नाही, आणि कारखाना म्हणायचे. जेवताना त्याने सुमनबाईला विचारले, याला काय म्हणावे.

“मले काय समजते? तुमाले घराबाहेर जाले जागा भेटली ना? जा मंग. मी मिक्सर बाहेर काढतो.”

जागा टेकचंदची होती. टेकचंद धानाचा व्यापारी. त्याची जुनी राइस मिल हायवेच्या मागे बंद पडून होती, मशिनी केव्हाच दुसरीकडे गेल्या होत्या. तो मास्तरांच्या हाताखाली शिकलेला, म्हणून नाही म्हणू शकला नाही. पण व्यापारी तो व्यापारीच.

“पावसाळाभर वापरा,” तो म्हणाला. “कापणी झाली का मी येऊन पाहीन. माणसं काम करताना दिसले, त राहू द्या तुमचं. नाई दिसले त शेड मले पायजे. माझं धान उघड्यावर नाई ठेवत मी.”

हिरालालने शेड झाडून काढली. उंदरांची बिळे बुजवली. दिवाणासारखा जाड लाकडी ओटा उभा केला, त्यावर लोखंड पकडायचा वाईस बसवला, आणि तो हलतो की काय म्हणून स्वतः लोंबकळून पाहिले. ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंगचा सेट. सरिताने एक प्रिंटरही आणला. तो कागदावर छापत नव्हता, वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक धागा थरावर थर ठेवत वस्तू करीत होता. उद्घाटनाला लोक आले. त्या डब्यातून एक हत्ती निघताना त्यांनी पाहिला, चिवडा खाल्ला आणि निघून गेले. मेंबर कोणी झाले नाही.

तरी हिरालालला दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन निघताना बरे वाटले. किती दिवसांनी डबा भरला गेला होता. ही जागा आता जाऊ द्यायची नाही, हे त्याने रस्त्यातच ठरवले. बाकी सगळ्यात त्याचा गोंधळ होता, एवढ्या एका गोष्टीत नव्हता.

लोक यायला लागले. एक जण पंखा घेऊन आला. “हिरालाल भाऊ, फिरत नाई. ठेवून जाऊ?” दुसरा फवारणीचा पंप घेऊन आला. कोणी कुकर, कोणी इस्त्री. वस्तू दारात ठेवायची, हिरालालला सांगायचे आणि बाजाराला जायचे. गावाला अशी जागा नवी नव्हती, मिस्त्रीच्या दुकानात असेच करतात. आणि हिरालालच्या हातात बिघडलेली वस्तू दिल्यावर तो ती खाली ठेवेल, हे शक्यच नव्हते. तो ती उघडायचा, साफ करायचा, घासायचा, कसायचा. वस्तू परत नेताना लोक म्हणायचे, “वा भाऊ, नव्यासारखी केली.” मेंबर होता का, असे सरिताने विचारले की तेच लोक म्हणायचे, “आता कायले? झालं ना काम.”

सरिता दुपारी यायची. एकदा ती म्हणाली, “काका, त्याइच्या हातून करून घ्या थोडं.”

“घेतो ना.” आणि हिरालालने पुढच्या माणसाच्या हातात टॉर्च दिला. माणूस टॉर्च धरून उभा राहिला, हिरालालने पंप दुरुस्त केला. सरिताने हे पाहिले. एवढ्या मोठ्या शेडमध्ये रोज येणारा तोच एक माणूस होता, त्याला काय बोलणार?

दसऱ्याच्या सुमारास लवकर येणारे हलके धान पिवळे पडले; भारी धानाला अजून वेळ होता. टेकचंद पुढच्या आठवड्यात येऊन पाहणार, असा निरोप आला. हिरालालने कंबर कसली. जेवढ्या वस्तू पडल्या होत्या तेवढ्या त्याने संपवल्या. पंचफुलाबाईची शिलाई मशीन तेवढी उरली. पंचफुलाबाई शाळेच्या पोरांचे गणवेश शिवते. तिच्या मशीनची सुई खालचा धागा उचलत नव्हती. सुईची दांडी किंचित खाली घसरली होती. हिरालालने ती केसभर वर घेतली, स्क्रू कसला, तेल दिले, चाक फिरवून चिंधीवर टाके घालून पाहिले. मोत्यासारखे टाके पडले. मग सगळ्या वस्तू पुसून ओट्यावर रांगेत मांडल्या. कारखान्यात साहेब यायचा तेव्हा असेच मांडत.

टेकचंद आला. त्याने रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. नंतर शेडभर पाहिले.

“हे सामान झालं. माणसं कुठं हायेत?”

“मी हावो ना.”

“तुमी त हायेच, भाऊ. पण सामानच ठेवाचं असन त माझं धान काय वाईट हाय?” तो हसत म्हणाला, पण गंमत करीत नव्हता. “भारी धान निघालं का गाड्या लागतीन. तवापर्यंत पाहा.”

हिरालालला हे कळेना. एवढी वर्षे त्याने हेच ऐकले होते की काम दिसले पाहिजे. काम दिसत होते. रांगेत मांडले होते. आणि हा माणूस म्हणतो, माणसे कुठे आहेत.

दुसऱ्या दिवशी बुधराम आला. बुधराम ढिवर, तलावावर जाळी टाकतो आणि मोपेडवर मासळी घेऊन गावोगाव फिरतो. मासळीचा डबा ठेवायचे मोपेडचे कॅरियर मोडले होते.

“ठेवून दे,” हिरालाल म्हणाला. “चार वाजता ने.”

“ठेवत नाई.”

“काहून गा? चोरतो काय मी?”

“तसं नाई भाऊ. आमच्या घरची रीत हाय. ज्याचं जाळं त्यानंच सांधाचं. दुसऱ्यानं गाठ मारली, अन् उद्या पाण्यात सुटली, त मी पाण्यातून कोणाले हाका मारू? हे कॅरियर बी मले जाळ्यासारखंच. मले दाखवा, मी करतो.”

“वेल्डिंग म्हणजे काय गाठ मारणं हाय?”

“मले काय मालूम? म्हणून त आलो.”

हिरालालने त्याला वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढे धरायला लावली, हातमोजे दिले, रद्दी लोखंडावर सराव करायला लावला. बुधरामची वेल्डिंग म्हणजे भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या. हिरालालने ती घासून काढायला लावली. पुन्हा तेच. पुन्हा घासली. चहा निवायच्या आत जे काम हिरालालने केले असते त्याला सगळा दिवस गेला. बुधराम घामाने निथळला, पण उठला नाही. शेवटी कॅरियर जुळले. दिसायला भद्दे, पण हिरालालने त्यावर उभे राहून पाहिले तेव्हा हलले नाही. बुधरामने स्वतःहून वर्गणी दिली. “जाळ्याच्या शिशाच्या मण्यांचा साचा बी कराचा हाय मले,” असे म्हणत तो गेला.

सरिताने रद्दी लोखंडावर उरलेल्या त्या गोवऱ्यांचा फोटो काढला. एवढ्या दिवसांत हिरालालच्या एकाही कामाचा तिने फोटो काढला नव्हता.

“याच्यात काय फोटो काढाचा? लाज वाटाची गोष्ट हाय ही.”

“काका, हेच पायजे आपल्याले. त्यानं केलं ना.”

“मी केलं असतं त चांगलं झालं असतं.”

“झालं असतं. अन् तो गेला असता.”

हिरालाल घरी गेला, पण जेवणात लक्ष नव्हते. चांगले काम केले की माणूस जातो आणि वाईट काम करू दिले की थांबतो. हे कोणत्या कारखान्यात असते? तरी बुधराम थांबला होता, हे तर डोळ्यांनी पाहिले होते. सकाळी रस्त्यात त्याने आपल्या समजुतीप्रमाणे हिशेब जुळवला. वस्तू बिघडलेली असली, तर माणूस बसतो. आणि ओट्यावर तर सगळ्या वस्तू दुरुस्त होऊन बसल्या होत्या.

त्या दिवशी पंचफुलाबाई मशीन न्यायला येणार होती. हिरालालने दार ओढून घेतले, स्क्रू सैल केला आणि सुईची दांडी पुन्हा होती तेवढी खाली सरकवली. उभ्या आयुष्यात त्याने चालती वस्तू बिघडवली नव्हती. स्क्रू सैल करताना चोरी करीत असल्यासारखे वाटले, आणि आपण नेमके काय चोरतो आहोत तेही कळेना.

पंचफुलाबाई आली. “झाली भाऊ?”

“नाई झाली. अवघड हाय. तुमी बसा, मी सांगतो, तुमीच करा.”

पंचफुलाबाईने कमरेवर हात ठेवले. “त्या दिवशी मी याच रस्त्यानं गेलो, तवा तुमी चाक फिरवून राहिले होते. टाके पडताना पाह्यले मी खिडकीतून. ती चिंधी बी तठीच पडली हाय, पाहा.”

चिंधी तिथेच पडली होती. मोत्यासारखे टाके वरच होते.

“मंग आज कशी नाई चालत?”

हिरालालला खोटे बोलायचा सराव नव्हता. “खोलली होती परत,” तो म्हणाला.

“चालती मशीन कायले खोलली?”

हाच प्रश्न घरी सुमनबाईनेही विचारला होता. पंचफुलाबाईने ऑटो बोलावला, मशीन टाकली आणि गेली. गावभर सांगत गेली. हिरालालने माझी चांगली झालेली मशीन बिघडवली. काय मनात होते देव जाणे. वस्तू ठेवून जाऊ नका बाई त्याच्याजवळ.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर एकाने विचारलेच, “हिरालाल भाऊ, चालू वस्तू बिघडवून भेटते म्हणतात तुमच्याइथं?” सगळे हसले. हिरालाल चहा न घेता घरी आला. सुमनबाईने सगळे आधीच ऐकले होते. ती फक्त एवढेच म्हणाली, “बरं झालं, मी मिक्सर लपवला होता.”

सकाळी जायचेच नाही असे त्याने ठरवले, आणि डबा घेऊन निघाला. शेडच्या दारात पंचफुलाबाई मशीनवर हात ठेवून उभी होती. घरी सुई धागा उचलेना, गणवेश अडले होते.

“तुमीच बिघडवली,” ती म्हणाली. “आता तुमी हात नाई लावाचा. बोट बी नाई. फक्त तोंडानं सांगा, मी करतो.”

“कोणता स्क्रू ते दाखवाले त पायजे.”

“तोंडानं. हात मागे.”

हिरालालने हात मागे बांधले. पंचफुलाबाईने पत्रा काढला, स्क्रू सैल केला, दांडी वर घेतली. जास्त घेतली. मग कमी घेतली. हिरालालची बोटे पाठीमागे आपोआप वळत होती. तोंडाने सांगायचे तर शब्दच सापडत नव्हते. एवढी वर्षे जे हाताला माहीत होते ते त्याने कधी बोलून पाहिले नव्हते. “तसं नाई, थोडं... नाई नाई, त्याच्याहून थोडं.” पंचफुलाबाई चिडायची, पण प्रत्येक वेळी चाक हाताने फिरवून बघायची. टाका पडला तेव्हा तिने लांबलचक चिंधी घेतली आणि तिच्या टोकापर्यंत शिवत गेली.

नंतर जे झाले ते हिरालालच्या डोक्यात अजूनही नीट बसलेले नाही. लोक येतच राहिले. मिस्त्रीकडे टाकायचे तर भंडाऱ्याला चकरा. पण आता कोणी वस्तू ठेवून जाईना. कुकरवाली कुकर मांडीवर घेऊन बसली. पंपवाला पंपाला एक हात लावूनच उभा राहिला. “तुमी सांगा भाऊ, आमीच करतो. तुमचा भरवसा नाई.” बसून बसून त्यांना शेजारच्याचे काम दिसू लागले. बुधराम साचा करीत होता. पंचफुलाबाई दोघींना बटनांची काजे शिकवत होती. कुकरवालीला मुठीसाठी लाकडाचा तुकडा हवा होता, तो पंपवाल्याने कापून दिला. प्रिंटरमधून हत्तीऐवजी पंपाची तुटलेली टोपी निघाली. रोज यायचे तर वर्गणी दिलेली बरी, असे एकाने म्हटले आणि बाकीच्यांनाही ते पटले.

एका दुपारी सरिता त्याला बाजूला घेऊन गेली. “काका, पंचफुलामावशीची मशीन तुमी काहून बिघडवली ते मले समजलं. शेडसाठीच ना? मी सगळ्याइले सांगतो. तुमचं नाव खराब झालं गावात. मले बरं नाई वाटत.”

हिरालालने ओट्याकडे पाहिले. चांगला फिटर म्हणून कमावलेले नाव तेवढेच त्याच्याजवळ होते. सरिताने खरे सांगितले तर ते परत मिळेल. लोक पुन्हा भरवसा ठेवतील. आणि पुन्हा दारात वस्तू ठेवून बाजाराला जातील.

“नको सांगू,” तो म्हणाला.

“पण काका...”

“नको म्हटलं ना. काम करू दे त्याइले.”

आपण असे का बोललो, हे त्याचे त्यालाच उमजेना. ओट्याजवळ गेला तेव्हा हात आपोआप मागे गेले होते.

भारी धान निघाले. टेकचंद धानाच्या गाडीवर ड्रायव्हरशेजारी बसूनच आला, की आजच उतरवून घेऊ. दारात थांबला. आत शिरायला वाट नव्हती. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या, दोन बाया एका टेबलावरून भांडत होत्या, बुधराम कोणाला तरी ओरडत होता, “सगळं घासून काढ! गोवऱ्या थापल्या त्वा!”

टेकचंदने हिरालालला पाहिले. तो मध्यभागी उभा होता, हात मागे बांधून.

“भाऊ, सगळे काम करून राहिले, अन् तुमीच रिकामे?”

“आमी करू देत नाई त्याइले,” पंचफुलाबाई मान वर न करता म्हणाली. “हात लावला का बिघडवते हा माणूस.”

सगळे हसले. टेकचंदही हसला. मग गाडीवाल्याला त्याने हाताने खूण केली, गाडी मागे घे, भावाच्या गोदामात लावू. जाताना हिरालालच्या खांद्यावर थाप मारली. “ठेवा तुमचं. पण या वयात असं बदनाम झालं पायजे होतं काय, भाऊ?”

शेड राहिली. हिरालालला आनंद झाला की नाही, ते त्याला सांगता आले नसते. दिवसभर उभे राहून पाय दुखत होते, हात मात्र स्वच्छ होते. असा स्वच्छ हातांचा दिवस त्याने कधी कामाचा मानला नव्हता.

पुढच्या सोमवारी दारात सुमनबाई उभी होती. काखेत मिक्सर.

“आवाज करते म्हणत होते ना?” तिने तो ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. “सांगा, कोणता स्क्रू? अन् हात मागे.”

त्याने सांगितला. तिने भलताच सैल केला, मग बरोबर तो. आत साफ केले, तेल दिले, पुन्हा बसवले. खूप वेळ गेला. मग बटन दाबले. मिक्सर सुरू झाला. आवाज तसाच होता.

“झाला ना कमी?” सुमनबाईने विचारले.

आवाज आतल्या झिजलेल्या बुशचा, फिरता दांडा धरणाऱ्या कडीचा आहे, हे हिरालालला पहिल्याच दिवशी कळले होते. त्याने हात आणखी घट्ट धरले.

“तुले काय वाटते?” त्याने विचारले.

ती कान देऊन ऐकू लागली. मग मिक्सर बंद केला आणि पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.